गोव्यात लग्नापूर्वीचा करार: पहिल्या सहीच्या आधी काय करायचं

गोव्यात लग्न करताना मालमत्तेबद्दल तुम्ही काहीच ठरवलं नाहीत, तर कायदा तुमच्या वतीने ठरवून टाकतो. लग्नाआधीचं, नंतरचं, वडिलोपार्जित, स्वकष्टाचं, सगळं दोघांचं, निम्मं-निम्मं. बऱ्याच जोडप्यांना हे कळतं ते कितीतरी वर्षांनी, एखादं भाट (माडांची बागायत) विकायला काढलं आणि उपनिबंधकाने "मिसेस आल्यात ना सहीला?" असं विचारलं की.

मी फोंडा तालुक्यातली, नवरा कुडाळचा. लग्नाआधी आम्ही रीतसर करार केला. तेव्हापासून नात्यागोत्यातल्या आणि ऑफिसातल्या लग्न ठरलेल्या मुलामुलींचे फोन येत असतात. प्रश्न तेच, अफवाही त्याच. म्हणून एकदा सगळं ओळीने लिहून काढते आहे. मी वकील नाही. मसुदा वकिलाकडूनच करून घ्यायचा आहे. पण वकिलासमोर बसताना आपल्याला काय हवंय ते माहीत असलं, की निम्मं काम झालेलं असतं.

१. तुम्हाला कोणता कायदा लागतो ते आधी पाहा

गोव्यात १८६७ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७०पासून लागू आहे. गोवा मुक्तीनंतर १९६२च्या प्रशासन कायद्याने जुने कायदे चालू ठेवले, त्यात हीसुद्धा राहिली. वारसा आणि नोटरीचा भाग आता गोवा विधानसभेच्या २०१२च्या कायद्यात गेला आहे; तो २०१६च्या डिसेंबरात अंमलात आला. लग्नातली मालमत्ता मात्र अजून जुन्या संहितेवरच चालते. हिंदू, ख्रिस्ती, मुसलमान सगळ्यांना तीच. दमण आणि दीवमध्येही तीच.

कराराला या संहितेची सरळ परवानगी आहे. कलम १०९६ सांगतं, लग्नाआधी वधूवरांना आपल्या मालमत्तेबाबत कायद्याच्या मर्यादेत हवं ते ठरवता येतं. कलम १०९८ सांगतं, काही ठरवलं नसेल तर लग्न 'देशाच्या रिवाजाप्रमाणे' झालं असं धरायचं. हा रिवाज म्हणजेच वर सांगितलेली सामाईक मालमत्ता.

दोघंही मूळ गोव्याचे असाल तर प्रश्न सरळ आहे. एक जण गोव्याचा आणि दुसरा सिंधुदुर्ग, बेळगाव किंवा पुण्याचा असेल, तर करार नसताना नेमका कोणता कायदा धरायचा यावरच वाद उभा राहू शकतो. आणि तो वाद नवराबायकोत होत नाही. तो होतो पुढे कधीतरी दिरा-नणंदांशी किंवा बँकेशी. आमच्यासारख्या जोडप्यांनी करार करण्याचं सगळ्यात मोठं कारण मला हेच वाटतं.

मालमत्ता गोव्याबाहेर आहे म्हणून गोव्याचा कायदा तिला शिवत नाही, असंही समजू नका. गोव्यात अधिवास असलेल्या माणसाची देशात इतरत्र असलेली मालमत्तासुद्धा वारसाच्या बाबतीत गोव्याच्याच संहितेने वाटली जाईल, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०१९च्या सप्टेंबरात दिला. पुण्यातला फ्लॅटही आला त्यात.

२. चार पर्याय, त्यातला एक निवडायचा

पहिला, काहीच न करता मिळणारा: सगळं सामाईक. यात बाईचा निम्मा वाटा लग्नाच्या दिवसापासून पक्का असतो. घर नवऱ्याच्या एकट्याच्या नावावर असलं तरी. ही संहिता नसलेल्या उर्वरित भारतात कुठल्याही बाईला हे आपोआप मिळत नाही, त्यामुळे 'करार म्हणजे पुढारलेपण' असं समजून हा पर्याय झटकून टाकू नका. दोघांकडे लग्नाआधी फारसं काही नसेल आणि धंद्यातलं कर्ज नसेल, तर करार न केलेलाच बरा.

दुसरा: सगळं वेगळं. ज्याचं त्याचं, आधीचं आणि नंतरचंही.

तिसरा: लग्नाआधीचं आणि वारसाने किंवा बक्षीस म्हणून मिळालेलं ज्याचं त्याचं, लग्नानंतर कमावलेलं मात्र दोघांचं.

चौथा हुंड्याच्या मालमत्तेचा, जुन्या जमान्यातला. पुस्तकात आहे, पण १९६१च्या हुंडा प्रतिबंधक कायद्यानंतर त्या वाटेला कोणी जाऊ नये.

बहुतेक लोक वकिलाकडे जातात ते दुसरा पर्याय डोक्यात ठेवून. "सगळं सेपरेट करून टाका" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी लगेच एकच प्रश्न विचारते: मूल झाल्यावर नोकरी कोण सोडणार आहे? उत्तर 'मी' असेल, आणि विचारणारी मुलगी असेल, तर 'सगळं वेगळं' म्हणजे तिच्या दहा-पंधरा वर्षांच्या घरकामाची किंमत शून्य. नवऱ्याच्या पगारातून घेतलेला फ्लॅट त्याचा, ठेवी त्याच्या, आणि तिच्याकडे तिचं सोनं.

याहून मोठा खड्डा मृत्यूनंतरचा आहे, आणि तो फार थोड्यांना ठाऊक असतो. गोव्याच्या वारसाक्रमात आधी मुलं-नातवंडं, मग आई-वडील, मग भावंडं आणि त्यांची मुलं, आणि त्यांच्यानंतर हयात जोडीदार. वाचून धक्का बसतो, पण यामागे हिशेब आहे: सामाईक पद्धतीत जोडीदाराचा निम्मा वाटा आधीच बाजूला निघतो, वारसा उरलेल्या निम्म्याचाच. तुम्ही 'सगळं वेगळं' लिहून दिलंत की तो निम्मा वाटा जातो, आणि रांगेतली जागा मात्र चौथीच राहते. मूल नसताना नवरा गेला, तर त्याने स्वतःच्या पैशाने घेतलेलं घर आधी सासू-सासऱ्यांकडे, ते नसतील तर दिराकडे. मृत्युपत्र केलं नसेल तर बाई त्याच घरात पाहुणी होते.

म्हणून माझं मत तिसऱ्या पर्यायाला. बापाचं कुळागर (पोफळीची बाग) बापाच्या घराण्यात राहतं, नवऱ्याची काजूची बाग त्याच्या घराण्यात राहते, आणि संसारात जे मिळवलं ते दोघांचं. खुद्द पोर्तुगालने १९६७पासून, नव्या संहितेनंतर, करार नसलेल्या जोडप्यांसाठी हीच पद्धत मूळ म्हणून घेतली. आपण मात्र १८६७च्याच रिवाजावर आहोत. 'सगळं वेगळं' मी फक्त तेव्हाच सुचवते जेव्हा एकाचा धंदा मोठ्या उधारीवर चालतो, किंवा दुसरं लग्न आहे आणि पहिल्या लग्नाची मुलं आहेत. त्यातही सोबत मृत्युपत्र हवंच.

३. वेळ: पहिल्या सहीच्या आधी

हा सगळ्यात जास्त लोकांना अडकवणारा मुद्दा, म्हणून सावकाश वाचा.

गोव्यात सिव्हिल लग्नाला दोन सह्या असतात. पहिली सही म्हणजे तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रारकडे लग्नाचा इरादा जाहीर करणं. मग मुदत जाते, हरकती मागवतात. त्यानंतर साक्षीदारांसह दुसरी सही, आणि तिथे कायद्याने लग्न लागतं. मंगलाष्टका, हॉल, जेवणावळी हे पुष्कळदा त्यानंतर कितीतरी दिवसांनी असतं. हॉलची तारीख मे महिन्यातली आणि सिव्हिल जानेवारीत, असं सर्रास चालतं.

करार 'लग्नाच्या आधी' व्हायला हवा याचा अर्थ दुसऱ्या सहीच्या आधी. अक्षता पडायच्या आधी, असा नव्हे. "अजून लग्न कुठे झालंय, पत्रिकाही छापल्या नाहीत" म्हणणारी जोडपी दुसरी सही करून बसलेली असतात आणि मग वकिलाकडे येतात. तेव्हा काहीही करता येत नाही.

आणि लग्न लागल्यावर करार रद्दही करता येत नाही, बदलताही येत नाही, नव्याने करताही येत नाही. कलम ११०५ तसं स्पष्ट सांगतं. नवराबायको दोघंही राजी असली तरी नाही. त्यामुळे 'आत्ता काहीतरी लिहू, पुढे बघू' हा विचार इथे चालत नाही.

चर्चमध्ये लग्न करणाऱ्यांनाही आधी सिव्हिल रजिस्ट्रारकडे जावं लागतं आणि तिथला दाखला घेऊन मग पाद्रींकडे. त्यांनीही करार या सगळ्याच्या आधी उरकावा.

माझा सल्ला: करारावर सही पहिल्या सहीच्याही आधी होऊ द्या. म्हणजे लग्नाच्या नोंदीत त्याचा उल्लेख करून घेता येतो, आणि तारखांवरून कोणाला शंका काढायला जागा राहत नाही.

४. घरात बोलायचं कसं

कागदापेक्षा हे अवघड. भावी सासूबाईंची पहिली प्रतिक्रिया होती, "अगो, लगीन होवच्या आदीच वाटणी?" त्यांचं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही. कुडाळात कोणी असा कागद करत नाही, आणि केला तरी त्याचा उपयोग काय असतो ते पुढे येईलच.

उपयोगी पडलं ते हे: विषय घटस्फोटाने सुरू करू नका. जमिनीने करा. "तुमच्या बागेत उद्या माझा निम्मा हिस्सा निघाला तर तुमच्या लेकींना चालेल का?" असं विचारल्यावर चित्र बदलतं. माझ्या वडिलांनाही तेच सांगितलं: तुमच्या कुळागरात जावयाचा निम्मा वाटा नको ना, मग त्यांच्या बागेत माझाही नको. दोन्हीकडे तोच नियम आहे हे दिसलं की कोणाला अपमान वाटत नाही.

वडीलमंडळींनी करार लादला तर मात्र थांबा. सही करणारी दोघं तुम्ही आहात. मुलीचा वकील आणि मुलाचा वकील वेगळा असावा. "आमचे काका वकील आहेत, तेच दोघांचं करून देतील" हे स्वस्त पडतं, पण उद्या वाद झाला तर 'मला समजावून सांगितलं नव्हतं' म्हणायला मोकळी जागा राहते.

५. कागदपत्रं जमवा

दोघांचे जन्मदाखले, आधार, पॅन, पत्त्याचा पुरावा, फोटो. आधीचं लग्न झालं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा जोडीदाराचा मृत्यूचा दाखला. इथवर ठीक. वेळ खाणारे कागद पुढचे आहेत.

* गोव्यातली जमीन: फॉर्म एक व चौदा (म्हणजे इथला सातबारा), सर्व्हे प्लॅन, असल्यास जुनी पोर्तुगीजकालीन लँड रजिस्ट्रेशनची नोंद आणि मॅट्रिझचा (जुन्या महसुली नोंदवहीचा) दाखला.
* महाराष्ट्रातली जमीन: ताजा सातबारा, आठ-अ आणि फेरफार.
* घर: विक्रीखत किंवा बक्षीसपत्र, पंचायत किंवा पालिकेची घरपट्टी, फ्लॅट असेल तर सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट.
* बँक ठेवी, म्युच्युअल फंड, शेअर, पीएफ: करारापूर्वीच्या अलीकडच्या तारखेचं स्टेटमेंट.
* सोनं: सराफाकडून वजन करून घेतलेली चिठ्ठी, नगांच्या वर्णनासह.
* धंदा: भागीदारीपत्र किंवा कंपनीतल्या हिश्शाचा कागद.
* कर्ज: घर, गाडी, शिक्षण, आणि दुसऱ्याला दिलेली जामीनकीसुद्धा. ही शेवटची गोष्ट लोक हमखास विसरतात.

जमिनीत एक खास अडचण येते. गोव्यात आजोबा वारून जमाना लोटला तरी इन्व्हेंटरी (वारसांमधली कायदेशीर वाटणी) झालेली नसते, आणि फॉर्म एक व चौदावर अजून त्यांचंच किंवा पणजोबांचं नाव असतं. तुमचा त्यात हिस्सा आहे, पण किती ते ठरलेलं नाही. म्हणून यादीत 'सर्व्हे क्रमांक अमुक, पोटविभाग तमुक, यातील माझा अविभक्त वारसाहक्क' असं लिहावं लागतं. 'माझी जमीन' एवढंच लिहिलं तर त्याला अर्थ राहत नाही.

६. मसुदा: काय लिहायचं, काय गळून पडतं

कराराचा गाभा दोन-तीन परिच्छेदांचा असतो: दोघं कोण, कोणती पद्धत निवडली, ती कधीपासून. खरी मेहनत मागच्या यादीत आहे.

तिसरा पर्याय घेणार असाल तर यादीवर जीव टाकून काम करा. लग्नात आणलेल्या ज्या वस्तू आणि ठेवी यादीत नाहीत, त्या पुढे 'लग्नानंतर कमावलेल्या', म्हणजे दोघांच्या, धरल्या जाण्याचा धोका असतो. आम्ही 'दागिने' असं मोघम लिहिलेलं वकीलबाईंनी खोडलं आणि एकेक नग लिहायला लावला. आजीच्या पाटल्यांची जोडी, वजन. आईने दिलेला चपलाहार, वजन. कानातल्या कुड्या, मोती इतके. कंटाळवाणं काम आहे. पण ती यादी करताना पहिल्यांदाच एकमेकांना कळलं की कोणाकडे काय आहे आणि कोणावर किती कर्ज आहे. त्याचा शिक्षणकर्जाचा आकडा मला तिथेच समजला.

यादीसोबत आणखी एक वाक्य हवं: वेगळी मालमत्ता विकून तिच्या पैशातून दुसरी घेतली तर तीही वेगळीच राहील. हे नसेल तर कुळागर विकून घेतलेल्या फ्लॅटवरून भांडण ठरलेलं. आणि असा व्यवहार होईल तेव्हा खरेदीखतातही पैसा कुठून आला ते लिहून घ्या.

आता कोणत्या अटी टिकत नाहीत ते. कलम ११०३ प्रमाणे वारसांचा कायदेशीर क्रम बदलणारी, किंवा आई-बाप आणि नवरा-बायको म्हणून कायद्याने दिलेले हक्क व कर्तव्यं बदलणारी अट लिहिलेलीच नाही असं धरतात. म्हणजे:

* 'मुलांना या मालमत्तेत वाटा नाही' असं लिहून उपयोग नाही. गोव्यात सक्तीच्या वारसांचा (मुलांसारख्या, ज्यांच्यासाठी कायदा वाटा राखून ठेवतो) वाटा मृत्युपत्रानेही काढून घेता येत नाही.
* मूल कोणाकडे राहील हे आधीच ठरवता येत नाही. ते न्यायालय त्या वेळी मुलाचं हित बघून ठरवतं.
* 'मी कधीही पोटगी मागणार नाही' ही ओळ इंटरनेटवरून उचललेल्या प्रत्येक मसुद्यात असते. ती काढून टाका.
* सासू-सासऱ्यांसोबत राहणं, नोकरी सोडणं, वजन, मांसाहार, फोनचा पासवर्ड. हसू नका, असे मसुदे मी पाहिलेत. मालमत्तेच्या करारात मालमत्ताच असू द्या.
* 'लग्नात मुलीकडून इतकं येईल' असं चुकूनही लिहू नका. हुंडा देण्या-घेण्याचा करार रद्दबातल तर आहेच, वर तो तुमच्याच सहीचा पुरावा होतो.

इंग्रजी मसुद्याचं दोघांनाही समजेल अशा भाषेत वाचन करून घ्या. सही करणाऱ्याला कागद कळलेला असणं हाच त्याचा खरा आधार.

७. साधा नोटरी चालत नाही

महाराष्ट्रातून आलेल्यांचा इथे घोळ होतो. स्टँप पेपरवर करार टाइप करायचा, कोर्टाबाहेरच्या नोटरीचा शिक्का मारायचा, झालं काम. गोव्यात त्या कागदाला लग्नाच्या करारापुरती किंमत नाही. कलम १०९७ प्रमाणे हा करार सार्वजनिक दस्त म्हणूनच व्हायला हवा, आणि तो स्पेशल नोटरीपुढे होतो. बहुतेक ठिकाणी तालुक्याचे सिव्हिल रजिस्ट्रार-कम-सब रजिस्ट्रारच हे काम बघतात. पणजी, मडगाव, म्हापसा, फोंडा, डिचोली अशी प्रत्येक तालुक्यात कार्यालयं आहेत.

क्रम असा: वकील मसुदा आणि कागद आधी कार्यालयात दाखवतात. तिथे तपासणी होते, दुरुस्त्या निघतात. मग तारीख मिळते. त्या दिवशी तुम्ही दोघं आणि साक्षीदार मूळ ओळखपत्रांसह हजर राहायचं. दस्त वाचून दाखवतात. इथे घाई करू नका. आमच्या यादीत सर्व्हे नंबरच्या पोटविभागातला '३' टाइप करताना '८' झाला होता. वाचताना वडिलांना ऐकू आला म्हणून तिथल्या तिथे सुधारला. लग्नानंतर सापडला असता तर दुरुस्तीची कटकट वेगळीच. हातात आपला फॉर्म एक व चौदा धरून, आकड्यावर बोट ठेवून ऐका.

मुद्रांक आणि फी किती ते कार्यालयातच विचारा. मालमत्तेच्या वर्णनावर आणि दस्ताच्या स्वरूपावर ते अवलंबून असतं, आणि वकिलाच्या फीमध्ये ते धरलंय की वेगळं हे आधीच स्पष्ट करून घ्या.

लग्नसराईत, म्हणजे दिवाळीनंतर आणि मे महिन्यात, कार्यालयांत गर्दी असते. पहिल्या सहीची तारीख ठरवताना करारासाठी निदान दोन महिने हाताशी ठेवा.

८. दस्त झाल्यावर

प्रमाणित नकला दोन-तीन घ्या. एक लग्नाच्या जाहीरनाम्यासोबत सिव्हिल रजिस्ट्रारकडे द्या आणि लग्नाच्या नोंदीत कराराचा उल्लेख आला का ते लग्नाच्या दाखल्यावर वाचून बघा. उल्लेख नसेल तर तिथेच विचारा. पुढे जमीन विकताना, बँकेचं कर्ज काढताना, इन्व्हेंटरीत, सगळीकडे हाच दाखला मागतात. करार कपाटात आणि दाखला कोरा असेल, तर समोरचा तुम्हाला सामाईक पद्धतीतलेच समजणार.

करार असला तरी गोव्यात स्थावर विकताना जोडीदाराची सही मागितली जाईल याची तयारी ठेवा. तो हट्ट समजू नका. संहितेत जोडीदाराच्या संमतीला मोठं स्थान आहे आणि खरेदीदाराचा वकीलही सुरक्षित बाजू बघतो.

९. आयकर आणि मृत्युपत्र

सामाईक पद्धतीतल्या गोवेकर जोडप्याला १९६१च्या आयकर कायद्याचं कलम ५अ लागायचं: पगार ज्याचा त्याचा, पण घरभाडं, व्याज, धंद्याचं उत्पन्न, भांडवली नफा हे निम्मं-निम्मं दोघांच्या विवरणपत्रात, शेड्यूल ५ए भरून. २०२५च्या नव्या आयकर कायद्यात कलमाचा क्रमांक बदलला, तरतूद राहिली. 'सगळं वेगळं' निवडलंत तर ही विभागणी तुम्हाला नाही. तिसऱ्या पर्यायात काय विभागायचं हे सीएला कराराची प्रत दाखवून ठरवा, आणि सीए गोव्यातला असू द्या. बाहेरच्या पुष्कळ सीएंनी हे शेड्यूल कधी उघडलेलंही नसतं.

मृत्युपत्राबद्दल वर बोललेच आहे. दुसरा किंवा तिसरा पर्याय घेतलात तर लग्नानंतर लगेच दोघांनी आपापलं मृत्युपत्र करावं आणि कायदा जेवढा भाग मोकळा ठेवतो, म्हणजे सक्तीचे वारस असताना निम्मा, तो एकमेकांना द्यावा. तेही स्पेशल नोटरीपुढेच होतं, त्यामुळे ओळखीचं कार्यालय पुन्हा कामाला येतं.

लग्न होऊन गेलं असेल तर

करार करता येत नाही, पण एक दार उघडं असतं. ज्यांना मुलीला किंवा मुलाला मालमत्ता द्यायची आहे त्या आई-वडिलांनी बक्षीसपत्रात किंवा मृत्युपत्रात 'ही मालमत्ता जोडीदाराच्या सामाईकीत जाणार नाही' अशी अट घातली, तर संहिता ती मानते. माझ्या चुलतबहिणीचं लग्न कराराशिवाय झालं. तिच्या वडिलांनी घर तिला असंच दिलं. आपल्या स्वतःच्या आधीच्या मालमत्तेला मात्र हा उपाय चालत नाही.

महाराष्ट्रात हाच कागद केला तर

कुडाळच्या नातेवाइकांनी नंतर विचारलं, आम्हीही करावा का? तिथे चित्र वेगळं आहे. हिंदू विवाह कायदा किंवा विशेष विवाह कायद्यात अशा कराराची तरतूद नाही. तो १८७२च्या करार कायद्यावर तोलला जातो, आणि कलम २३ प्रमाणे सार्वजनिक धोरणाविरुद्ध असेल ते रद्द. पुढे कधी वेगळं झालो तर इतकी पोटगी, असा आधीच केलेला करार मुंबई उच्च न्यायालयाने १९१२ सालीच याच कारणाने नाकारला होता. पोटगीचा हक्क सोडून देणारा समझोता पुढच्या दाव्याला आडवा येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३मध्ये सांगितलं. मुसलमान जोडप्यांच्या निकाहनाम्यात मेहर आणि काही अटी टिकतात, तो वेगळा आणि जुना मार्ग आहे.

पण महाराष्ट्रात मुळात सामाईक मालमत्ताच नाही. ज्याच्या नावावर त्याचं. त्यामुळे तिथे वाटणीच्या करारापेक्षा पुराव्याचे कागद जास्त उपयोगी. लग्नाआधीच्या मालमत्तेची दोघांच्या सहीची यादी करा. लग्नात मिळालेल्या भेटींची यादी करून सह्या घ्या. १९८५चे हुंडा प्रतिबंधक नियम तशी यादी ठेवायलाच सांगतात, आणि स्त्रीधन परत मागताना तीच हाताशी असते. फ्लॅट एकत्र घेताना कोणाचा हिस्सा किती टक्के ते खरेदीखतातच लिहा आणि हप्ते ज्याच्या त्याच्या खात्यातून जाऊ द्या. सून म्हणून हप्ते भरणाऱ्या आणि कागदावर कुठेही नसलेल्या बायका मी ओळखते. कुठलाही प्रीनप (लग्नाआधीचा करार) त्यांना वाचवणार नाही, खरेदीखतातलं नाव वाचवेल.

परदेशात राहणार असाल तर तिथल्या वकिलाला गोव्याचा दस्त दाखवा. इंग्लंडमध्ये २०१०च्या राडमाखर निकालानंतर दोघांनी समजून-उमजून केलेल्या कराराला न्यायालय वजन देतं, पण शेवटचा शब्द न्यायालयाचाच. अमेरिकेत राज्यागणिक नियम वेगळे. दोन्हीकडे विचारला जाणारा प्रश्न सारखाच असतो: दोघांनी आपली सगळी मालमत्ता उघड केली होती का, आणि दोघांना स्वतंत्र सल्ला मिळाला होता का. पाचव्या टप्प्यातली यादी आणि चौथ्यातले दोन वकील तिथेही उपयोगी पडतील. दस्ताची प्रमाणित नकल सामानात ठेवा आणि एक स्कॅन करून दोघांच्या ईमेलवर पाठवा. पणजी-मडगावला फक्त नकलेसाठी विमानाने येणं परवडत नाही.